शुक्र नेमका कधी लागला?

२००५ च्या गणपतीत, रत्नागिरीच्या घरी आरती झाल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला आता शुक्र लागला." मी बावीस वर्षांची होते. पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि चार दिवसांसाठी घरी आले होते. महादशा म्हणजे पत्रिकेप्रमाणे एकेका ग्रहाच्या वाट्याला आलेला आयुष्याचा काळ. शुक्राची वीस वर्षांची. लग्न, घर, वाहन, दागिने हे सगळं शुक्राकडे. महादशेचे पुन्हा नऊ पोटभाग, त्या अंतर्दशा. पहिली अंतर्दशा त्याच ग्रहाची असते, म्हणजे शुक्रात शुक्र, तीन वर्षं चार महिने. आण्णांच्या कागदावर ती जानेवारी २००९ ला संपत होती. त्याच्या आत माझं लग्न होणार हे त्या दिवशी घरात ठरून गेलं. गौरी यायच्या आत काकूने कार्यालयाच्या भाड्याची चौकशीसुद्धा करून ठेवली.

आण्णा म्हणजे बाबांचे चुलते. पंचक्रोशीतल्या पोरांच्या पत्रिका त्यांनीच केलेल्या. पैसे घेत नसत, नारळ आणि सुपारी तेवढी ठेवून घेत. ते २००३ मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी लिहिलेल्या तारखांबद्दल काही विचारायचं तर माणूसच उरला नव्हता. उरला तो कागद. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, मुंगीसारखं बारीक अक्षर, आणि शेवटच्या पानावर माझ्या आयुष्याचा दशांचा तक्ता, थेट माझ्या सत्तरीच्या पुढपर्यंत.

२००६ मध्ये मला हैदराबादला एका संशोधन संस्थेत नोकरी मिळत होती. संख्याशास्त्राचं काम, मला मनापासून हवं असलेलं. बाबा म्हणाले, "वर्षभराचा तर प्रश्न आहे. इतक्या लांब गेलीस तर स्थळं दाखवायची कशी?" मी नाही म्हणून कळवलं आणि रत्नागिरीतच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले.

स्थळं आली. पण माझं नक्षत्र आश्लेषा, आणि आश्लेषाची मुलगी सासूला वाईट असा समज आमच्या बाजूला अजून घट्ट आहे. आण्णांनी पत्रिकेत मुद्दाम लिहून ठेवलं होतं, "प्रथम चरण, दोष नाही." तिथपर्यंत कोणी वाचायचंच नाही. नक्षत्राचं नाव कळलं की निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. माझा राक्षस गण, हे आणखी एक.

बाबा ऑगस्ट २००७ मध्ये हृदयविकाराने गेले. आदल्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, "दिवाळीनंतर बघ, एकदम हलतील गोष्टी."

जानेवारी २००९ आला आणि गेला. तक्त्यावर शुक्रात रवी आला, मग शुक्रात चंद्र. आईने तक्ता काढून बघणं थांबवलं.

२०१० च्या मे महिन्यात मावशीने आम्हाला पुण्यातल्या एका गुरुजींकडे नेलं. त्यांनी आण्णांची पत्रिका बाजूला ठेवली, जन्मतारीख, वेळ, गाव विचारलं आणि संगणकावर नवी कुंडली काढली. दोन मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "हिला शुक्र कुठे लागलाय? केतू चालू आहे. केतूत बुध. मार्च २०११ ला शुक्र लागेल." आणि जरा थांबून, "आश्लेषा कोणी सांगितलं तुम्हाला? मुलगी पुष्याची आहे. देवगणाची."

आई तिथेच रडली. मावशीला वाटलं आनंदाने. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, फक्त एक हिशोब डोक्यात झाला. मी जवळजवळ पावणेपाच वर्षं ज्याच्या नावाने थांबले, तो अजून यायचाच होता.

पुढच्या वर्षी मी मुंबईत नोकरी धरली. तिथे नवरा भेटला. जात वेगळी, पत्रिका कोणी मागितली नाही, फेब्रुवारी २०१३ मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि संध्याकाळी डोंबिवलीत जेवण ठेवलं. त्या जेवणात आई मला जवळ घेऊन म्हणाली, "बघ, शुक्रात शुक्र. गुरुजी बोलले तसंच." अर्ध्या तासाने काकू ताट घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "शुक्रात राहू चालू आहे ना तुला, आण्णांच्या कागदावर? म्हणूनच जातीबाहेरचं झालं हो." दोघीही आपापल्या जागी ठाम. दोघींच्या मते शास्त्र खरं ठरलं होतं.

ही दोन वाक्यं माझ्या मनात अकरा वर्षं पडून होती. २०२४ च्या नोव्हेंबरात आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे आली. वाचायला मनाई होती, म्हणून संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचे. एक दिवस तिने पिशवीतून आण्णांची पत्रिका काढली. "सप्टेंबरात शुक्र संपतोय तुझा. रवी लागेल. तेवढं बघून ठेव गं." म्हणजे गुरुजींचं पटूनसुद्धा आण्णांचा कागद तिच्या मनातून गेलेला नव्हता. मी वही घेतली. म्हटलं, या वेळी गणित मी स्वतः करते.

गणित अवघड नाही, हे मला पहिल्याच रात्री कळलं. आणि ते सुंदर आहे, हेही. राशिचक्राचे ३६० अंश, २७ नक्षत्रं, एका नक्षत्राचे १३ अंश २० कला (अंशाच्या ६० कला), म्हणजे बरोबर ८०० कला. विंशोत्तरी या दशापद्धतीत नऊ ग्रहांना वर्षं वाटून दिलेली आहेत: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. बेरीज १२०. अश्विनीपासून याच क्रमाने एकेक नक्षत्र एकेका ग्रहाला, असे तीन फेरे. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्या नक्षत्राच्या स्वामीची दशा चालू. नक्षत्राचा जेवढा भाग चंद्राने ओलांडला तेवढी दशा भुक्त, उरलेली भोग्य. ती भोग्य दशा संपली की पुढचे ग्रह रांगेने येतात.

अंतर्दशेची एक युक्ती आहे, ती आण्णा मला लहानपणी बोटांवर करून दाखवायचे. दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करायचा. शेवटचा अंक सोडून जे उरतं ते महिने, आणि शेवटच्या अंकाची तिप्पट म्हणजे दिवस. केतूत राहू घ्या. ७ गुणिले १८, १२६. बारा महिने, आणि सहाची तिप्पट अठरा दिवस. शनीत बुध, १९ गुणिले १७, ३२३. बत्तीस महिने नऊ दिवस. लहानपणी मला ही जादू वाटायची. आता कळतं की १२० ने भागून बाराने गुणलं की दहाने भागल्यासारखंच होतं, आणि राहिलेल्या एक दशांश महिन्याचे तीन दिवस. आण्णांनी ते कधी समजावलं नाही. त्यांना माहीत असावं.

तर माझा चंद्र. संगणकावर लाहिरी अयनांश (राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजताना वजा करायचे अंश) धरून तो कर्केत १४ अंशांवर येतो. मेषेपासून मोजला तर १०४ अंश, म्हणजे ६२४० कला. ८०० ने भागलं तर ७.८. सात नक्षत्रं पूर्ण, आठवं पुष्य, त्याचे दहातले आठ भाग संपलेले. पुष्याचा स्वामी शनी. एकोणीस वर्षांपैकी उरली ३.८, म्हणजे तीन वर्षं नऊ महिने अठरा दिवस. जन्म मे १९८३ चा. मार्च १९८७ ला शनी संपला, मार्च २००४ ला बुध, मार्च २०११ ला केतू. गुरुजींची तारीख बरोबर आली.

मग आण्णांची पत्रिका उघडली. "जन्मकाली बुध महादशा भोग्य वर्षे १५ मास ४ दिने ३." याचं कारण शोधताना एक ओळ सापडली, जी आयुष्यभर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी कधी वाचली नव्हती. कुंडलीच्या वर, उजव्या कोपऱ्यात: अयनांश, आणि पुढे एकोणीस अंश व काही कला. लाहिरीचे त्या वर्षीचे अयनांश साडेतेवीसच्या वर आहेत.

"आई, आण्णांनी पंचांग कोणतं धरलं होतं?"

"आपलंच. दुसरं कुठलं?"

आपलं म्हणजे टिळक पंचांग. कोकणात बरीच घरं ते पाळतात. एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा आला की आमचे गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात, हे रत्नागिरीत सगळ्यांना पाठ असतं. पण जो फरक गणपती महिनाभर मागेपुढे नेतो, तोच माझी दशासुद्धा हलवत असेल, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

या वादाबद्दल मी नंतर बरंच वाचलं आणि मला त्यात दोन्ही बाजूंबद्दल आदर वाटला. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजायच्या तर मेषेचा आरंभ कुठे धरायचा, हे ठरवावं लागतं. एक पक्ष म्हणतो, रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून, म्हणजे त्याच्या मुख्य ताऱ्यापासून. लोकमान्य टिळक या रैवतपक्षाचे. दुसरा म्हणतो, चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर येईल असा आरंभबिंदू धरा. व्यंकटेश बापूजी केतकर या चित्रापक्षाचे. दोघेही मोठे अभ्यासक, दोघांनाही जुन्या पंचांगांतल्या चुका खुपत होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. निर्मलचंद्र लाहिरी तिचे सचिव होते. १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला गेला, म्हणून त्या अयनांशांना लाहिरी हे नाव पडलं. सोलापूरचं दाते पंचांग, बाजारातले बहुतेक संगणक कार्यक्रम, पुण्याचे गुरुजी हे सगळे या बाजूचे.

दोन पक्षांतला फरक जवळजवळ चार अंशांचा. माझं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, सिंह. ते दोन्हीकडे सिंहच राहतं. शुक्र आणि राहू दोन्हीकडे मिथुनेतच, लाभस्थानी. कुंडलीचा चौकोन शेजारी शेजारी ठेवला तर वेगळेपण दिसणारही नाही. पण चंद्र चार अंश पुढे गेला की पुष्यातून आश्लेषात जातो. ६४७८ कला, आठ नक्षत्रं पूर्ण, नववं आश्लेषा, त्यातल्या ७८ कला संपलेल्या. शनीची दशा नाहीशी, जन्मच बुधात. शुक्र सप्टेंबर २००५ ला लागतो. देवगणाची राक्षसगणाची होते, मध्य नाडीची अंत्य नाडी होते, सासूला चालणारी सून चालेनाशी होते. आकाशातला चंद्र तोच, त्याच जागी.

आण्णांचं गणित मी तीनदा तपासलं. त्यात एका दिवसाचीही चूक नव्हती. मला हे कुठेतरी फार लागलं. चूक सापडली असती तर रागावायला जागा झाली असती.

पुढचे पंधरा दिवस मी बाकीच्या गाठी मोजत होते. जन्मवेळ पहिली. पत्रिकेत दुपारी १२:३५ आहे. आई म्हणाली, "आजीने सांगितली ती. आजोळचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असायचं, एसटी चुकू नये म्हणून. तिने ती वजा केली होती की नाही, कोण जाणे." चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो, म्हणजे शनीची एकोणीस वर्षं त्या चोवीस तासांत पसरलेली असतात. जन्मवेळेतल्या एका मिनिटाला दशेचे जवळजवळ पाच दिवस. पाच मिनिटांचं घड्याळ म्हणजे चोवीस दिवस. आता केतूत रवीची अंतर्दशा १२६ दिवसांची, आणि तिच्यातली रवीची विदशा, म्हणजे अंतर्दशेचाही पोटभाग, सहा-सात दिवसांची. माझ्या मुलाखतीच्या तारखेला अमुक विदशा आहे म्हणून जा, तमुक आहे म्हणून जाऊ नको, असं मला कितीदा सांगितलं गेलं होतं. आजोळच्या घड्याळाने ती सगळी विदशाच तीनदा इकडून तिकडे केली असती.

मग वर्ष. दशेचं वर्ष ३६५ दिवसांचं की ३६० दिवसांच्या सावन मानाचं, यावरही एकमत नाही. ३६० धरलं तर गुरुजींचा शुक्र मार्च २०११ ऐवजी पाच महिने आधी, २०१० च्या ऑक्टोबरात लागतो. कृष्णमूर्ती नावाच्या आणखी एका ज्योतिषपद्धतीचे अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे सहा कलांनी कमी, तेवढ्याने माझी तारीख पावणेदोन महिने सरकते. शिवाय विंशोत्तरी ही एकच दशा नाही, अष्टोत्तरी १०८ वर्षांची आहे, योगिनी ३६ वर्षांची आहे. ते सगळं मी वहीत घेतलं नाही, माझ्या पुरतं एवढंच खूप होतं.

यावर जाणकार लोक सांगतात की घडून गेलेल्या घटनांवरून वेळ शुद्ध करून घ्यावी. म्हणजे लग्न, मूल, मृत्यू, नोकरी अशा पक्क्या तारखा घ्यायच्या आणि कोणतं गणित त्यांना लागू पडतं ते बघायचं. मला हे रास्त वाटलं. आईला समोर बसवून मी चौदा तारखा लिहिल्या. दहावीचा निकाल, आजीचं आजारपण, बाबा, पहिला पगार, लग्न, मुलाचा जन्म, घराची किल्ली. दोन रकाने आखले, एकात रैवतपक्ष, एकात चित्रापक्ष.

बाबांची तारीख भरताना माझा हात थांबला. चित्रापक्षात त्या दिवशी केतूत राहू. तेच बारा महिने अठरा दिवस, ज्यांचा गुणाकार मी बोटांवर शिकले होते. केतूत राहू म्हटलं की कोणीही ज्योतिषी तोंड गंभीर करेल. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मग रैवताचा रकाना भरला. शुक्रात शुक्र. लग्नाचा, दागिन्यांचा शुक्र. पण सिंह लग्नाला शुक्र तिसऱ्या आणि दहाव्या स्थानाचा स्वामी. वडिलांचं स्थान नववं. नवव्यापासून दुसरं म्हणजे दहावं, नवव्यापासून सातवं म्हणजे तिसरं, आणि दुसरं-सातवं ही मारकस्थानं, म्हणजे मृत्यूची. वडिलांना शुक्र दोन्ही बाजूंनी मारक. नियम नेमका बसला. ज्या दशेच्या भरवशावर बाबा माझ्या लग्नाची वाट बघत होते, तीच दशा शास्त्राने त्यांच्यासाठी मारक म्हणून दाखवली असती, कोणी त्या प्रश्नाने तक्ता उघडला असता तर. त्या रात्री मी वही मिटली.

लग्नाच्या तारखेचं आई आणि काकूने आधीच करून ठेवलं होतं. मुलाचा जन्म नोव्हेंबर २०१६ चा. आण्णांच्या तक्त्यात शुक्रात गुरू, आणि गुरू माझा पंचमेश, संततीच्या स्थानाचा स्वामी. याहून सरळ काय हवं? चित्रापक्षात शुक्रात चंद्र. चंद्र मातृत्वाचा कारक, स्वराशीत, बाराव्या स्थानी, आणि बारावं स्थान रुग्णालयाचं. तेही बसलं. शेवटी चित्रापक्षाला चौदापैकी अकरा तारखा लागू पडल्या, रैवतपक्षाला दहा.

नवरा इतके दिवस नुसता चहा देत होता. त्याने जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीची आठवण काढली. नरेंद्र दाभोलकरही तीत होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं आणि ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. मी म्हटलं, त्यात दशेचा प्रश्न नव्हता, एकट्या कुंडलीचा होता. माझा प्रश्न वेगळा आहे. पण त्यावरूनच मला पुढचं सुचलं. मी त्याला सांगितलं, माझ्या चौदा घटना तशाच ठेव, पण १९९९ ते २०२० मधल्या कोणत्याही चौदा तारखा चिठ्ठ्या टाकून काढ आणि एकेका घटनेपुढे चिकटव. खोट्या तारखांचा खोटा जन्म. मग मी त्याच प्रामाणिकपणाने बसले आणि प्रत्येक तारखेची महादशा, अंतर्दशा काढून कारण शोधू लागले.

चौदापैकी दहा ठिकाणी मला कारण सापडलं.

मी काही फसवणूक करत नव्हते. नियमच तेवढे आहेत. प्रत्येक ग्रह कुठल्यातरी स्थानाचा स्वामी, कुठल्यातरी स्थानी बसलेला, कशाचा तरी कारक, कोणाच्यातरी दृष्टीत, आणि घटनेसाठी स्थान लग्नापासून मोजायचं, चंद्रापासून मोजायचं की त्या नात्याच्या स्थानापासून, हे मोकळं. दोन ग्रहांची जोडी घेतली की त्यातून लग्नही निघतं, बदलीही निघते आणि मृत्यूही. घटना माहीत असेल तर वाट सापडतेच. घटना माहीत नसेल तर, म्हणजे नेमकं जेव्हा आपण विचारायला जातो तेव्हा, त्या सगळ्या वाटा एकाच वेळी उघड्या असतात, आणि सांगणारा माणूस आपल्याला हवी ती दाखवतो. गुरुजी भले माणूस होते. त्यांनी मला दोन वर्षांची आशा दिली आणि आईला झोप दिली, ते मी विसरत नाही. पण तारीख सांगण्याइतकं त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि आण्णांच्याही नव्हतं.

आईला हे सांगायला मला आठवडा लागला. तिच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. तिने वही स्वतः वाचली, चष्मा न लावता, दोन्ही रकाने.

"म्हणजे तेव्हा शुक्र लागलाच नव्हता?"

"आण्णांच्या हिशोबाने लागला होता. गुरुजींच्या नाही."

"खरं कोणाचं?"

"ते या कागदांवरून कळत नाही, आई. मी खूप प्रयत्न केला."

ती बराच वेळ बाल्कनीत बघत बसली. मग म्हणाली, "हैदराबादचं पत्र आलं ना, तेव्हा तुझे बाबा रात्री मला म्हणाले होते, पाठवू या का हिला. त्यांच्या मनात होतं पाठवायचं. मीच उठून कागद आणून दाखवला."

मला हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं मी मनातल्या मनात बाबांशी भांडत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "तू बोल मला काहीतरी." मला बोलावंसं वाटलं नाही. तिला सासरी आल्यापासून जे दिलं गेलं होतं तेच तिने पुढे केलं होतं, आणि ते माझ्या भल्यासाठीच.

मार्च २०२५ मध्ये माझ्या भावाला मुलगी झाली. आईचा फोन आला, पत्रिका तू कर. मी हो म्हटलं, कारण आण्णांच्या पत्रिकेतली एक गोष्ट मला दुरुस्त करायची होती. सगळं हाताने केलं, त्यांच्यासारख्याच आडव्या कागदावर. चंद्राचे अंश कलांपर्यंत लिहिले, नक्षत्र दोन्ही पक्षांनी काढलं (तिचं सुदैवाने एकच येतं), तिथी, वार, सूर्योदय लिहिला. आणि सगळ्यात वर, कुंडलीच्याही आधी, मोठ्या अक्षरात: "जन्मवेळ ९:४२, प्रसूतिगृहाच्या कागदावरून, घड्याळ तपासलेलं नाही. अयनांश लाहिरी, चित्रापक्ष. टिळक पंचांगाप्रमाणे चंद्र सुमारे चार अंश पुढे."

गणपतीला रत्नागिरीला गेले तेव्हा तो कागद आईच्या हातात दिला. तिने उलटून मागचं पान बघितलं. तिथे महादशांची नावं नव्हती, तारखा नव्हत्या.

"दशा नाही लिहिल्यास?"

"नाही लिहिल्या."

तिने कागद पुन्हा पुढच्या बाजूला वळवला, कुंकवात बोट बुडवून चारही कोपऱ्यांना लावलं आणि देवासमोर ठेवला.